विषय: मेळाव्याचे जेवण

तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, मित्रांनो, आणि पाहण्यासारखे माझ्यात काही नाहीही. मी एक जुना ईमेल ग्रुप आहे. कुणी माझ्या पत्त्यावर एक पत्र पाठवले, की मी त्याच्या चारशे प्रती करतो आणि चारशे घरी पोचवतो. स्वतःच्या मनाने एक अक्षर लिहिण्याची मला मुभा नाही. म्हणून आज संधी मिळाली आहे तर जरा स्पष्टच बोलतो.

माझा जन्म एका अंधशाळेच्या वाचनालयात झाला. तिथल्या ग्रंथपालबाईंनी मला सुरू केले. ब्रेल लिहिण्याची यंत्रे तुम्ही पाहिली असतील. सहा कळा असतात, त्या दाबल्या की जाड कागदावर ठिपके उमटतात आणि ते बोटांनी वाचता येतात. अशी यंत्रे दुरुस्त करणारी माणसे थोडी, तीही गावोगाव विखुरलेली. त्यांनी एकमेकांना विचारावे, सांगावे, यासाठी मी होतो. बाईंनी मोजून पाच नियम लिहिले होते. नवी गोष्ट विचारायची तर नवे पत्र लिहा. विषयाच्या ओळीत नेमके काय हवे ते लिहा. उत्तर देताना जुने सगळे पत्र खाली लोंबकळत ठेवू नका. एकाला सांगायचे ते एकालाच सांगा. आणि ग्रुप सोडायचा तर मला कळवा, साऱ्या गावाला नको.

काय दिवस होते ते! सकाळी कुणी लिहावे, 'कागदाचा रूळ घसरतो', आणि दुपारच्या जेवणाआधी तीन ठिकाणांहून उपाय यावेत. स्प्रिंगवाले आजोबा तर हमखास लिहीत. जगात कुठेही न मिळणारी स्प्रिंग त्यांच्याकडे असायची, म्हणून त्यांना हे नाव पडले. लोक मला 'आपला आधार' म्हणत. मलाही मूठभर मांस चढत असे.

मग बाई निवृत्त झाल्या आणि माझी देखरेख त्यांच्या भाच्याकडे आली. नियम पुन्हा एकदा सगळ्यांना पाठव, असे बाईंनी सांगितले, तर तो म्हणाला, "मावशी, नियम कोण वाचतंय आता? चालतंय ना सगळं? मग चालू दे की!"

चालले होते खरे, पण कसे? 'ओके' एवढेच लिहायचे आणि खाली अकरा पत्रांचे शेपूट. नाकापेक्षा मोती जड! एकाने दुसऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या, त्या चारशे जणांनी वाचायच्या. कुणी रजेवर गेला की त्याचा संगणक प्रत्येक पत्राला 'मी रजेवर आहे' असे उत्तर द्यायचा, आणि मी मुकाट्याने तेही वाटायचो. माझा नुसता संताप व्हायचा.

यंदा ग्रुपचा मेळावा ठरला आणि कुणीतरी विचारले, जेवण तिखट हवे की बेताचे? 'मेळाव्याचे जेवण' या विषयावर त्रेसष्ट पत्रे आली. 'मलाही बेताचं चालेल.' 'मला काहीही चालेल.' अरे, काहीही चालते तर गप्प बसा ना!

चौसष्टावे पत्र एका गणिताच्या बाईंचे होते. ग्रुपमध्ये त्या नव्या होत्या. माझा पत्ता कुठे शोधायचा, म्हणून त्यांनी आलेल्या शेवटच्या पत्रालाच उत्तर दिले आणि विषय तसाच राहिला. आत लिहिले होते, "माझ्या विद्यार्थिनीच्या यंत्राचं चौथ्या ठिपक्याचं लिव्हर तुटलंय. शाळेतली बाकीची यंत्रं इतर मुलांकडे आहेत. सोमवारी तिचा गणिताचा शेवटचा पेपर आहे. लेखनिक मिळेल, पण ती गणितं बोटांनी वाचत वाचत सोडवते. कुणाकडे लिव्हर आहे का हो?"

मी चारशे प्रती पोचवल्या. उत्तर एकच आले, 'मला गोडही चालेल.' ते तर पत्र न वाचताच पाठवलेले होते.

सोमवार गेला. आठवड्याने बाईंनी नवे पत्र लिहिले, या वेळी विषय अगदी नेमका. लिव्हर मिळाले नव्हते. मुलीने लेखनिक घेऊन पेपर दिला, मधली पायरी बोटाखाली सापडेना म्हणून निम्म्यातून उठली. आता पुढच्या वर्षी पुन्हा बसणार होती.

त्यावर स्प्रिंगवाल्या आजोबांचे पत्र आले. "बाई, तसली चार लिव्हरं माझ्या टेबलाच्या खणात पडून आहेत. जेवणाच्या गप्पांना वैतागून मी सूनबाईला सांगितलं होतं, हा विषय दिसला की न उघडताच जाऊ दे कचऱ्यात. माझंच चुकलं." सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. मग सतरा जणांनी 'फार वाईट वाटले' असे कळवले. सगळ्यांनी सगळ्यांना.

त्याच संध्याकाळी गणिताच्या बाईंनी ग्रुप सोडला. जाताना लोक हमखास चारशे जणांना 'माझे नाव काढा' म्हणून ओरडतात. बाईंनी मात्र नियम शोधून वाचले असावेत. त्यांनी फक्त मला कळवले, दोन ओळींत, आभार मानून. त्यामुळे त्या गेल्याचे कुणालाच समजले नाही.

आजोबा आता दर आठवड्याला लिहितात, "बाई, लिव्हर बांधून तयार ठेवलंय. पत्ता तेवढा कळवा." ते माझ्याकडेच लिहितात आणि मी ते पत्र इमाने इतबारे चारशे घरी पोचवतो. एका घरी सोडून.

मित्रांनो, बाईंचा पत्ता त्यांच्या जुन्या पत्राच्या माथ्यावरच आहे. आजोबांना कुणीतरी सांगा, की या वेळी मला वगळा आणि थेट त्यांनाच लिहा. मुलीच्या परीक्षेला अजून सात महिने आहेत.