अक्काच्या खुर्चीवरची पोन्नाडै

मी पोन्नाडै बोलते आहे. तुमच्याकडे मला सत्काराची शाल म्हणतात. आमच्या तंजावूरला माणूस मंचावर चढला की त्याच्या खांद्यावर पोन्नाडै पडलीच पाहिजे. माझं अंग लाल, काठ सोनेरी. सोनं नावालाच, सगळा चमकणारा प्लास्टिकचा धागा. यंत्रमागावर माझ्यासारख्या ढिगानं निघतात.

आमचं आयुष्य छोटं. पांघरतात, फोटो काढतात, माणूस खाली बसायच्या आत काढून घडी घालतात. मग कपाट. मग पुढच्या सत्काराला दुसऱ्याच कोणाचे तरी खांदे. याचं कोणाला वाईट वाटत नाही. सगळेच तसं करतात.

मी विनुताअक्काच्या वाट्याला आले.

अक्का कम्युनिटी कॉलेजची अध्यक्ष होती. शाळा सुटलेल्यांचं कॉलेज ते. नापास झालेले, मधेच लग्न लावून दिलेल्या, घरच्या शेतावर राबणारे, कोणीही यावं. वयाची अट नाही. शिवण, एसी दुरुस्ती, आजाऱ्याची सेवा, असं पोटाला लागणारं शिकवायचे. अक्का पापनाशमकडच्या खेड्यांत मोपेडवर जायची. कालव्याच्या काठावर बापाला गाठायची. "पोरगी मला द्या. परत देते, जरा हुशार करून," म्हणायची. बाप हसायचे, पण पाठवायचे. आई आणि मुलगी एकाच वर्गात बसून एकाच दिवशी पास झालेल्या मी पाहिल्या आहेत.

गावची बस कॉलेजपाशी थांबत नव्हती. मुली उन्हातून चालत यायच्या. अक्का रोज डेपोत जाऊन साहेबाच्या टेबलासमोर बसायला लागली. भांडली नाही. तिथेच डबा उघडून दहीभात खायची आणि साहेबालाही विचारायची, "लोणचं घालू?" शेवटी साहेब कंटाळला. बस थांबायला लागली.

मला तिच्या खांद्यावर घातलं ते अनिरुद्धरावांनी. ते कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे चेअरमन. "विनुताबाई म्हणजेच आपलं कॉलेज," असं ते माइकवर म्हणाले. मला खरं वाटलं. तिच्या धाकट्या भावालाही वाटलं. तो मागे उभा राहून शिट्टी वाजवत होता.

पुढे कपाटात उंदरानं माझा काठ कुरतडला. तेव्हा शिवणाच्या वर्गात ओरत्तनाडूची भुवना नवीन आली होती. अक्कानं मला तिच्यापुढे टाकलं. लाल दोरा संपला होता म्हणून तिनं हिरव्यानं रफू केलं आणि रडवेली होऊन मला घेऊन आली.

"अक्का, दिसतंय हो ते."

"दिसू दे की. केलंस ते कळायला नको कोणाला?"

त्या दिवसापासून मी अक्काच्या खुर्चीच्या पाठीवर राहिले. येईल त्याला ती हिरवं रफू दाखवायची. भुवना पुढे त्याच वर्गाची शिक्षिका झाली.

भाऊ श्रीकर दुपारी डबा घेऊन यायचा. आठवीत शाळा सोडलेला, मालाची छोटी गाडी चालवणारा. आईवडील गेल्यावर अक्कानंच त्याला वाढवलं.

"सगळ्या जिल्ह्याला शिकवते मी, आणि घरचा असा राहिला," ती म्हणायची.

"तुझ्या कॉलेजात नापास झालो तर नाक तुझं जाईल, अक्का. तुझ्यासाठीच बाहेर राहिलोय."

मग अक्का आजारी पडली. दवाखान्यात तिचे पाय गार पडायचे, म्हणून श्रीकरनं मला नेऊन तिच्या पायांवर घातलं. मी तिथे होते म्हणून सांगते. अनिरुद्धराव आले. तिचा हात हातात घेतला. अक्कानं एकच मागितलं, "माझ्यामागे वर्ग चालू राहू दे."

"शब्द दिला, बाई," ते म्हणाले. अक्का त्या रात्री शांत झोपली. चार दिवसांनी गेली.

सगळं आटोपल्यावर श्रीकर मला घेऊन कॉलेजात आला आणि परत तिच्या खुर्चीवर घालून गेला. तिची वस्तू तिच्या जागी असावी म्हणून. पण खुर्ची दुसऱ्याची होणार होती. मला धुतलं, इस्त्री केली, नव्या कव्हरमध्ये घातलं.

श्रद्धांजलीची सभा ठेवली. अक्काचा फोटो मंचाच्या कडेला, हार घातलेला. नवे अध्यक्ष अनिरुद्धराव मधोमध. त्यांनी काय काय केलं ते माइकवर वाचलं जाऊ लागलं. खेड्याखेड्यांतून मुली आणल्या, त्यांनी. बस थांबवली, त्यांनी. आई आणि मुलीला एका वर्गात बसवलं, तेही त्यांनीच.

मग भुवनाला पुढे बोलावलं. तिनं कव्हर फाडून मला बाहेर काढलं. तिची बोटं हिरव्या रफूवर येऊन थांबली. तिनं ओळखलं. मला वाटलं, आता ही बोलेल. तिनं तो काठ आत दुमडला आणि मला त्यांच्या खांद्यावर घातलं.

टाळ्या चालू असतानाच श्रीकर मंचावर चढला. मला ओढून काढलं. काठ उलटला, रफू वर आलं.

"ही माझ्या बहिणीची आहे," एवढंच त्याला बोलता आलं. लोकांनी त्याला खाली नेलं. मला त्यानं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी भुवना त्याच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"का घातलीस?" त्यानं विचारलं.

"नोकरी आहे, अण्णा. घरी दोन पोरं आहेत."

"अक्कानं तुला उभं केलं."

"मग उभीच राहायला नको का मी?" ती म्हणाली. मग रडली. "चेअरमन म्हणतात, तुम्ही माफी मागा, सगळ्यांसमोर तुमच्या हातानं पोन्नाडै घाला. तर वर्ग चालू ठेवतील. नाहीतर कुलूप लावतील. वर्गातल्या मुली मला विचारतायत, अण्णा. काय सांगू?"

श्रीकर मला मांडीवर घेऊन बसला होता. जाळावं की फेकावं, असं त्याच्या मनात असेल. शेवटी म्हणाला, "सरी, ठीक आहे. वर्ग अक्काचा आहे. चल."

कॉलेजच्या मंचावर, सगळ्यांसमोर त्यानं मला अनिरुद्धरावांच्या खांद्यावर घातलं. त्याला वाकायला सांगितलं, तो वाकला. फोटो निघाला. अनिरुद्धरावांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "तूही मुलासारखाच मला," म्हणाले. पेपरात बातमी आली.

नंतरच्या सोमवारी मुली आल्या तेव्हा वर्गाला कुलूप होतं. ती जागा आता लग्नाच्या हॉलसाठी दिली आहे. शिवणाच्या वर्गात पंगत बसते. भुवनाला घरी बसवलं. श्रीकर चेअरमनच्या बंगल्यावर गेला, तर फाटकावरचा माणूस म्हणाला, साहेब गावाला गेलेत. साहेब आत कॉफी पीत होते. मी तिथेच होते.

आता मी त्यांच्या गाडीच्या डिकीत आहे, दुसऱ्या शालींबरोबर, पुन्हा नव्या कव्हरमध्ये. कुठे सत्कार असला की आमच्यातली एक काढतात.

कधी मी तुमच्या खांद्यावर आले, तर फोटोआधी थोडं थांबा. वाचून दाखवतायत ती कामं तुम्ही केली का, आठवून बघा. केली नसतील तर मला बाजूला ठेवा. आणि खरोखर केली असतील, तर आजच घरी जाऊन धाकट्या भावाला सांगून ठेवा, की माझ्यामागे कोणाच्या नुसत्या शब्दावर विसंबू नकोस. अक्कानं सगळ्या गावाला शिकवलं, एवढं मात्र त्याला सांगायचं राहिलं.