दोन खांब आधी

नवा टीव्ही भिंतीवर चढला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्याचं तोंड पाहिलं. एकट्या अश्विनीने त्याची पाठ पाहिली. पाठीला चपटी भोकं चार होती, पिवळं गोल भोक एकही नव्हतं.

पिवळं भोक नाही म्हणजे अश्विनीचा गेम नाही. तिचा गेम जुना, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आदिनाथने, तिच्या नवऱ्याने, नगरहून आणलेला. त्याला तीन वायरी. लाल-पांढरीतून आवाज जायचा आणि पिवळीतून अख्खं चित्र, त्या एकट्या वायरीतून, दाटीवाटीने. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. दुपारची भांडी झाली, सासूबाई आडव्या झाल्या, की अश्विनी पदर खोचून गाडी काढायची. बारा वर्षांत तिने नवऱ्याला हरवलं, दिराला हरवलं, राहात्याहून आलेल्या सख्ख्या भावांना हरवलं. तिचा स्वयंपाक कुणी मुद्दाम वाखाणला नव्हता, तिच्या रांगोळीला कुणी थांबून पाहिलं नव्हतं. पण गाडीची गोष्ट निघाली की सासूबाई, झुंबरबाई, चार बायकांत छाती काढून सांगायच्या, "आमच्या थोरलीचा हात कुनी धरनार न्हाई."

झुंबरबाईंचं माहेर पारनेरकडचं, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर वाढलेलं. गेममधल्या शर्यतीलाही त्या 'बारी' म्हणायच्या आणि गाडी वळणावर आली की खाटेवरून बैल हाकल्यासारख्या ओरडायच्या.

मग धाकटी जाऊ आली, संस्कृती. नगर शहरात वाढलेली, कॉम्प्युटर इंजिनिअर, घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करणारी. दिसायला चांगली, बोलायला चांगली, आणि अश्विनीला सगळ्यात जास्त खुपायचं ते हे की मनानेही चांगली. वाईट असती तर फार सोयीचं झालं असतं. वाईट जावेबद्दल चार घरी बोलता येतं, चांगल्या जावेबद्दल कुठे बोलणार?

यंदाच्या दिवाळीला संस्कृतीच्या भावाने तिला गेम खेळायचा नवा कन्सोल पाठवला, आणि त्याला शोभेल असा हा टीव्ही करणने, म्हणजे अश्विनीच्या दिराने, आणला. पहिल्या दिवशी संस्कृतीने सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. जुन्या गेमचं चित्र जेमतेम पावणेसहाशे रेघांचं असायचं, याचं दोन हजारांच्या वर. त्यालाच फोर के म्हणतात. सेकंदाला साठ चित्रं येतात, काही गेममध्ये एकशेवीस.

"येवढी चित्रं बघायला डोळं तरी पुरतील का?" झुंबरबाई म्हणाल्या. पण त्या टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. गाडीच्या टपावरचे पावसाचे थेंब वेगवेगळे दिसत होते. एरवी दिवेलागणीला देवासमोर बसणारी बाई त्या दिवशी थेंब मोजत बसली.

अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत होती. म्हणजे हातात मेथी होती. जळणाऱ्या माणसाचे कान फार तिखट असतात, तिने शब्दन् शब्द टिपला.

"आणि हा गेम मोड," संस्कृती सांगत होती. "टीव्हीला आलेलं चित्र सजवायची खोड असते. घासूनपुसून मग दाखवतो, त्यात पापणी लवेल इतका उशीर होतो. सिनेमाला चालतं. गेमला नाही चालत, बटण आत्ता दाबलं आणि गाडी मागून वळली असं होतं. गेम मोडवर तो सजावट सोडून देतो आणि चित्र लगेच दाखवतो. याला हात लावायचं काम नाही. इथे 'आपोआप' लिहिलंय ना, कन्सोल सुरू केला की टीव्ही स्वतःच गेम मोडवर जातो."

मेथीच्या काड्या आणि पानं एकाच ताटात पडत राहिली. अश्विनीला सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. डबा टीव्ही जाऊन पहिला सपाट टीव्ही आला होता आणि तिची गाडी अचानक प्रत्येक वळणावर धडकायला लागली होती. हात बिघडला असं वाटून ती महिनाभर रडकुंडीला आली होती. मग तिने तोड काढली. रस्त्याकडेला विजेचे खांब असायचे, वळणाच्या दोन खांब आधीच बटण दाबायचं. ते दोन खांब तिच्या बोटांत इतके मुरले की पुढे मोजावेही लागले नाहीत. म्हणजे आपण ज्याला कसब म्हणत होतो ती टीव्हीच्या उशिराची सवय होती, हे तिला त्या दाराशी कळलं. सांगणारी संस्कृतीच असावी याचा तिला जास्त राग आला.

तिने हट्टाने आपला जुना गेम नव्या टीव्हीला जोडायला लावला. संस्कृतीने बिचारीने लगेच एक डबी मागवली, तीन वायरी एका बाजूला आणि चपटी पिन दुसऱ्या बाजूला. चित्र आलं. पण छोट्या पडद्याचं ते चित्र पंचावन्न इंचांवर ताणून बसवल्यावर गाडी कुठली आणि रस्ता कुठला हेच कळेना.

झुंबरबाई डोळे किलकिले करत म्हणाल्या, "आगं, कुनीतरी टीव्ही पुसून घ्या की."

टीव्ही स्वच्छ होता. अश्विनीने तीन वायरी काढल्या, गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकल्या. त्या संध्याकाळी भाकरी जरा करपल्याच.

त्यानंतर दोघी नव्या कन्सोलवर खेळू लागल्या. पडद्याचे दोन भाग व्हायचे, वर अश्विनीची गाडी, खाली संस्कृतीची. एकटीने तो कन्सोल सुरू करायचा नाही असं अश्विनीने मनाशी ठरवलं होतं, संस्कृती बोलावेल तेव्हाच बसायचं. पहिला महिना ती रोज हरली. खालच्या भागातली गाडी अलगद पुढे जायची, झुंबरबाई "धाकटीचा हात बग, कसा लोन्यावानी हाय" म्हणायच्या, आणि अश्विनी हसायची. त्या हसण्याने तिचे गाल दुखायचे. रात्री पडल्या पडल्या ती मनात संस्कृतीला नाही नाही ते बोलायची आणि सकाळी तिच्या चहात आठवणीने आलं घालायची.

डिसेंबरपासून मात्र वारं फिरलं. अश्विनी पाचातल्या तीन बाऱ्या जिंकायला लागली. आपला हात बसला असं तिला वाटलं. संस्कृती वळणावर चाचपडायची, "ताई, आज जमतच नाही हो," म्हणायची. अश्विनी वरकरणी "व्हतं गं कदी कदी" म्हणायची आणि आत गुदगुल्या व्हायच्या. आयुष्यात इतकी गाढ झोप तिला क्वचितच लागली असेल.

संक्रांत आली. झुंबरबाईंनी हळदीकुंकवाची तारीख धरली आणि जाहीर करून टाकलं, "यंदा फुगे फोडाय न्हाईत, मेनबत्त्या लावाय न्हाईत. माज्या दोगी सुनांची बारी लागनार. बायांनी बगायला यायचं." आळीत बातमी गेली. सत्यशीलाकाकू तर आदल्या दिवशी येऊन कुठली खुर्ची आपली ते ठरवून गेल्या.

अश्विनीच्या जिवाला घोर लागला. घरातल्या पाचातल्या तीन बाऱ्या कुणी पाहिल्या होत्या? ही बारी चाळीस बायकांसमोर होती. जिंकली तर पुन्हा पहिल्यासारखी थोरली, हरली तर धाकटीच्या मागे ताट घेऊन उभी राहणारी बाई. पाचातल्या दोन वेळा तर ती अजून हरतच होती. तिला खात्री हवी होती, आणि खात्रीची एक वाट तिला ठाऊक होती. गेम मोड बंद करायचा. चित्राला उशीर झाला की संस्कृतीचा लोण्यासारखा हात गडबडेल, आणि आपल्या बोटांत तर दोन खांब आहेतच. कुणाला कळणार होतं? बायका आवा, म्हणजे संक्रांतीचं वाण, लुटायला येतात, टीव्हीची सेटिंग तपासायला नाही.

दुपारी दोनला संस्कृती साडी नेसायला आत गेली, झुंबरबाई सुगडं मांडत होत्या. अश्विनीने रिमोट उचलला. संस्कृतीने दाखवली होती ती पाटी तिने उघडली, चित्र, मग गेम, मग गेम मोड. चालू, बंद, आपोआप.

ठिपका 'बंद'वर होता.

आधी वाटलं आपलंच चुकून बटण दाबलं गेलं. मागे जाऊन पुन्हा उघडलं. बंदच. आदिनाथ आणि करण त्या रिमोटला शिवत नव्हते, त्यांचं जग मोबाईलमध्ये. सासूबाईंना आवाजाशिवाय दुसरं बटण ठाऊक नव्हतं. आणि मग एकेक आठवायला लागलं. प्रत्येक बारीआधी संस्कृती रिमोट घ्यायची, "आवाज कमी करते हं ताई." आवाज कधी कमी झालेला नव्हता. डिसेंबरपासून घ्यायची. पाचातल्या तीन तेव्हापासूनच.

जी लबाडी करायला अश्विनी आली होती, ती तिच्यासाठी कुणीतरी आधीच करून ठेवली होती, आणि माया म्हणून करून ठेवली होती. आजच्यासाठीही. चाळीस बायकांत थोरलीचा मान राहावा म्हणून.

हरवणाऱ्या बाईवर जळता येतं. पण जिंकू देणाऱ्या बाईचं काय करायचं? अश्विनीला वाटलं, तिच्या सगळ्या गाढ झोपा कुणीतरी मागे येऊन काढून नेल्या. तिने ठिपका 'आपोआप'वर नेला आणि रिमोट जागेवर ठेवला. हे तिने चांगुलपणाने केलं असं कुणी समजू नये. तिला इतका राग आला होता की त्या पोरीकडून फुकटचा घास नको होता, इतकंच.

चार वाजता खोली भरली. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, आणि सगळ्यांच्या नजरा टीव्हीवर. झुंबरबाईंनी पदर कमरेला बांधला. "ऐका गं बायांनो! वरची गाडी थोरलीची, खालची धाकटीची. तीन फेऱ्यांची बारी. गाडी सुटली!"

पहिलं वळण आलं. अश्विनीच्या बोटांनी तिला न विचारता दोन खांब आधी बटण दाबलं, आणि या वेळी गाडी तिथेच वळली. आतल्या भिंतीवर जाऊन आदळली. बायका खो खो हसल्या.

"आगं, थोरलीला झालं तरी काय?" सत्यशीलाकाकू म्हणाल्या.

खालची गाडी वळणावरून स्वच्छ निघाली. संस्कृतीचा अंगठा क्षणभर थबकला. तिने टीव्हीकडे पाहिलं, मग हळूच अश्विनीकडे. तिला कळलं होतं. अश्विनीने मान वळवली नाही. तिने गाडी मागे घेतली, रस्त्यावर आणली, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की खालच्या भागातले खांब सावकाश सरकायला लागलेत. संस्कृती थांबत होती. तिच्यासाठी थांबत होती.

पुढच्या वळणापर्यंत अश्विनी तिच्या बरोबरीला आली. आता नुसतं गप्प बसायचं होतं. धाकटी थोडी मागे राहिली असती, झुंबरबाईंनी तोच जुना डायलॉग मारला असता, बायकांनी टाळ्या पिटल्या असत्या, आणि या खोलीत फक्त दोघींना खरं ठाऊक असतं. अश्विनीला ते हवं होतं. खोटं कशाला बोला, फार हवं होतं.

"संस्कृती," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "ब्रेकवरचं बोट काढ."

"ताई, मी..."

"काढ म्हनते ना!"

झुंबरबाईंचा वर उचललेला हात तसाच राहिला. संस्कृतीने खाली पाहिलं, ओठ दाबले, आणि मग तिची गाडी अशी काही सुटली की बायकांनी आपोआप पाय आखडून घेतले. अश्विनीने पाठलाग केला. बोटांना आवरत, खांबांना शिव्या घालत, प्रत्येक वळणावर आदळत. तिसऱ्या फेरीत एक वळण नीट बसलं, एकच. तोवर संस्कृतीची बारी संपली होती आणि अश्विनी अर्धी फेरी मागे होती.

टाळ्या झाल्या. झुंबरबाई धाकटीच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "वाघीन हाय माजी! आता हिचा हात कुनी धरनार न्हाई." बारा वर्षांचं वाक्य त्यांनी इतक्या सहज दुसरीला देऊन टाकलं की त्यांना कळलंही नाही. अश्विनीला आतून चटका बसला. तिने करंडा उचलला, कारण जिंकणारीला पहिलं कुंकू लावायचं होतं आणि लावणारी थोरलीच होती.

संस्कृती वाकून म्हणाली, "ताई, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटतंय. म्हणून मी..."

"वाईट वाटतंच हुतं." अश्विनीने तिच्या कपाळावर बोट टेकवलं आणि इतर बायकांना ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात बोलली. "मी लई जळते तुज्यावर. ठाव हाय ना तुला?"

संस्कृतीने मान हलवली.

"मग जळू दे. ते माजं हाय. पन पुन्यांदा मला जिंकवलंस, तर ह्या घरात तुज्याशी बोलनार न्हाई."

"म्हणजे उद्यापासून हरवू?"

"रोज हरव," अश्विनी म्हणाली, आणि सत्यशीलाकाकूंना कुंकू लावायला वळली.