दोऱ्यांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खडूचा नव्हे, दोऱ्यांचा. वाचनालयात शिरलात की समोरच्या भिंतीवर निळ्या कापडाचा, अंगभर टाचण्या टोचलेला जो दिसतो, तो मी. मला भिंतीवर ठोकताना सुतार म्हणाला होता की, याला आता जन्मभर आराम. आराम कसला, डोंबल!

ग्रंथपाल बाईंनी माझ्यावर पुठ्ठ्याच्या गोल चकत्या टाचल्या. एकेक चकती म्हणजे एकेक विषय. ज्या विषयाची पुस्तकं जास्त, त्याची चकती मोठी. स्वयंपाक ताटाएवढा आणि ज्वालामुखी बटणाएवढा! प्रत्येकीवर कपाटाचा क्रमांक. मग बाईंनी नियम केला: एका विषयातून दुसऱ्या विषयाची वाट ज्याला सापडेल, त्यानं त्या दोन चकत्यांमध्ये स्वतः दोरा बांधायचा. झालं! कुणी मधमाश्यांवरून भूमितीला जाई, तर कुणी मिठावरून इतिहासाला. रोज नवी टाचणी. मी कुरकुरत असे, पण एखादा दिवस कुणी फिरकलं नाही, तर मलाच चैन पडत नसे.

एक म्हातारे वादक यायचे. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. त्यांनी 'कान'पासून 'कंपन'पर्यंत आणि तिथून 'ढोल'पर्यंत लाल दोरा ओढला. ढोलाला छाती टेकली की अजून सगळं कळतं, असं त्यांनी बाईंना सांगितलं. पुढे ते वारले, पण दोरा राहिला.

मग टेबलावर संगणक आला. कानामागून आला आणि तिखट झाला! शब्द टाका, पुस्तक हजर. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. बाई निवृत्त झाल्या आणि नवे ग्रंथपाल आले. माणूस भला, पण भारी टापटिपीचा. प्रत्येक पुस्तकाला आपलं एक कपाट असताना हे जंजाळ कशाला, असं त्यांना वाटलं. एका दुपारी त्यांनी कात्री घेतली आणि सगळे दोरे कापले. चकत्या तेवढ्या ठेवल्या. मी आतल्या आत तडफडत होतो, पण लाकडाचं कोण ऐकतं? तेव्हापासून माझ्याजवळ कुणी थांबेना.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. तापात पोरीचे कान गेले होते. पूर्वी दिवसभर गुणगुणणारी पोर आता तोंडातून आवाजच काढत नव्हती.

"असं काहीतरी द्या, की ही पुन्हा गुणगुणेल," आई म्हणाली.

ग्रंथपालांनी विचारलं की, कोणता शब्द टाकू? तिला शब्द सुचेना. त्यांनी आपल्या मनानं 'बहिरेपणा' टाकला. निघाली ती सगळी आजारांची आणि शस्त्रक्रियांची पुस्तकं. आईनं दोन पानं चाळली आणि पदर डोळ्यांना लावला. माझ्या जिवाची नुसती घालमेल. लाल दोरा असता तर! अहो, तिकडे नाही, इकडे बघा!

दोघी निघाल्या, आणि पोर माझ्यासमोर थबकली. खिडकीतल्या उन्हानं माझं कापड विटलं होतं, पण जिथे जिथे दोरे होते, तिथे त्यांच्याखालचा निळा रंग तसाच गडद राहिला होता. 'कान'पासून अशी एकच रेघ निघत होती. पोरीनं तिच्यावर बोट ठेवलं. बोट सरकत 'कंपन'ला पोचलं, मग 'ढोल'ला. मी श्वास रोखून होतो.

ग्रंथपाल उठून मागे येऊन उभे राहिले होते. 'ढोल'च्या चकतीवरचा क्रमांक पाहून त्यांनी त्या कपाटातलं पुस्तक आणून दिलं. पोर तिथेच खाली बसून वाचू लागली. एका पानाशी थांबली, उठली, माझ्या चौकटीला छाती टेकली आणि मुठीनं मला ठोकलं. ठक. ठक ठक. तिनं डोळे मिटले. हळूहळू तिच्या घशातून सूर निघाला. बेसूरच होता, पण तो माझ्या लाकडात थेट शिरला. आईनं तिच्या पाठीवर हात टेकला.

ग्रंथपालांनी खणातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि पोरीच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, तुम्हाला कुठे वाट सापडली, तर मागून येणाऱ्यासाठी दोरा बांधून ठेवा. खुशाल टाचणी टोचा. मी कुरकुर करीन, तिकडे लक्ष देऊ नका.