तीन सूत

नववा सिगार बसला आणि दहाव्याला जागाच उरली नाही.

धाकटीने नऊही सिगार परत बाहेर काढले, पेटीच्या कोपऱ्यात लाकडाचा कपचा वगैरे अडकलाय का ते बोटाने चाचपलं आणि पुन्हा एकेक करून मांडले. पुन्हा नऊच. दहावा अर्धा फटीत, अर्धा वर, असा तिरका टेकून राहिला. तिने दुसरी पेटी ओढली, मग तिसरी. सहाही पेट्यांची तीच कथा. शेवटी तिने खणातली लोखंडी पट्टी काढली आणि पेटीची आतली रुंदी मोजली. साडेसात इंच हवी होती, तीन सूत कमी भरली. इंचाचे सूत आठ, म्हणजे तीन सूत हा काही डोंगर नव्हे. पण एका सिगारची जाडी सहा सूत, आणि अर्धा सिगार पेटीत भरायची पद्धत अजून निघालेली नाही.

पेट्या दादाने केल्या होत्या. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. सिगारच्या त्या कारखान्यात त्याला सगळे पेटीदादा म्हणत. बेचाळीस वर्षं तो व्हरांड्याच्या टोकाला, आपल्या बाकावर बसून देवदाराच्या पेट्या करत होता, आणि अलीकडच्या खोलीत बसून ती तीस वर्षं सिगार वळत होती. वयाची बावन्न वर्षं उलटली तरी कारखान्यात ती सगळ्यांची धाकटीच होती.

माप का चुकलं हे तिला विचारायला लागलं नाही. घरी पेपर आला की दादा तो उघडायचा, दोन पानं उलटायचा आणि "हल्ली पेपरात काही राम उरला नाही" म्हणून घडी घालून ठेवायचा. वर्षभर पेपरात राम नव्हता. चहा ओतताना तो कपाच्या कडेला एक बोट लावून ठेवायचा. तिने ते बोट पाहिलं होतं आणि काही बोलली नव्हती. तोही बोलला नव्हता. बोलण्यात धोका होता. मागच्या साली पेट्यांना बिजागऱ्या बसवणाऱ्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा मालकीणबाईंनी त्याला आत बोलावलं, फार गोड बोलल्या आणि भिंतीवरचं एक छान घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकावर फळ्यांची थप्पी लागली. आता तो घरी बसून त्या घड्याळाकडे बघत असतो, असं ऐकिवात होतं. मालकीणबाई वाईट नव्हत्या, पण चुकीचं माप त्यांच्या कारखान्यातून बाहेर गेलं नव्हतं, आणि दादाला बाकावरून उठवलं तर घरी नेऊन ठेवायचं तरी कुठे, हे धाकटीला सुचत नव्हतं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं आणि आवडतही नव्हतं.

माल न्यायला गाडी बाराला येणार होती. अकरा वाजून गेले होते.

तिने नऊ सिगार मांडले आणि दहाव्याला दोघांच्या मध्ये अंगठ्याने हळूहळू दाबत खाली नेलं. गेला. खरं तर वळलेला सिगार तीन आठवडे कपाटात विसावतो, सुकतो, आणि मगच पेटीत जातो. पण या सहा पेट्या मागवणाऱ्या दूरच्या दुकानदाराला घाई होती, म्हणून परवा वळलेला माल तसाच भरायला सांगितलं होतं. पानं अजून ओलसर होती, कानाच्या पाळीइतकी मऊ. वाळलेली असती तर पहिल्याच दाबाला तडकली असती. तिने पहिल्या थरावर लाकडाचा पातळ पापुद्रा ठेवला, दुसरा थर तसाच कोंबला. आता झाकण लागेना. बाजूने दाबलेले सिगार वर उचलले जात होते. तिने आधी तळहात लावले, मग कोपर. मग इकडे तिकडे पाहिलं, कोणी नव्हतं, तेव्हा ती सरळ पेटीवर बसली. लाकूड करकरलं आणि पितळी कडी लागली. अशी ती सहा वेळा बसली.

शेवटच्या पेटीवरून उठून पदर सारखा करते आहे तोच दादा दारात आला.

"बसले का सगळे?"

"बसले की. न बसायला काय झालं?"

तो जवळ आला. सगळ्यात वरच्या पेटीवर त्याने हात ठेवला, आणि नको तितका वेळ ठेवला.

"झाकण जरा फुगलंय."

"लाकूड नवं आहे ना," ती म्हणाली.

"हं. लाकूड नवं आहे," दादा म्हणाला आणि परत गेला.

पुढचा दीड महिना धाकटीने कसा काढला ते तिलाच माहीत. ऑफिसात फोन वाजला की तिची पान कापायची सुरी रेघ सोडून जायची. दूर कुठेतरी एक पेटी उघडली जात असेल, आत फाटलेली पानं आणि भुगा असेल, आणि दुकानदार विचारत असेल, पेटी कोणी केली, भरली कोणी.  एके दिवशी तिने पाहिलं तर दादाने पटाशा तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, एकूण एक.

"हे काय?"

"गंज चढतो," तो म्हणाला. बेचाळीस वर्षांत त्या पटाशांना गंज शिवला नव्हता.

आणि मग एका सकाळी मालकीणबाईंनी दोघांना एकदमच आत बोलावलं.

टेबलावर त्या सहांपैकी एक पेटी होती, परत आलेली. शेजारी एक पत्र. खिडकीशी धूरबुवा उभे होते. धूरबुवा म्हणजे कारखान्याचे चाखणारे. रोज सकाळी नव्या मालातला एक सिगार ओढून बघायचा आणि नावं ठेवायची, हे त्यांचं काम, आणि त्यातलं दुसरं ते विशेष मन लावून करत. धाकटीला तर ते तीस वर्षं एकच वाक्य ऐकवत आले होते, की तुझा हात ढिला, सिगार कसा भरीव हवा.  कपाटावर भिंतीवरच्या घड्याळाचं एक कोरं खोकं होतं. ते बहुधा कधीपासून तिथेच असावं, पण धाकटीला आजच दिसलं.

"उघड," मालकीणबाई म्हणाल्या.

धाकटीने कडी काढली. झाकण स्वतःहून वर आलं.

आतले सिगार गोल नव्हते. वरच्या थरातले दहाच्या दहा चौकोनी झाले होते. प्रत्येकाला चार सपाट बाजू होत्या, कडा साबणाच्या नव्या वडीसारख्या मऊ, आणि दोघांच्या मध्ये नख शिरेल एवढीही फट नव्हती. तिने आपल्या हाताने गोल वळून दिलेले होते ते, आणि गोलपणाची खूण कुठे उरली नव्हती. पान एका ठिकाणीही फाटलं नव्हतं. नीट पाहिलं तर पानाची बारीक शीर एका बाजूवरून कडेपर्यंत यायची, कडेवर वळायची आणि न तुटता पुढच्या बाजूवर चालू लागायची. धाकटी वाकून त्या शिरेकडे बघत राहिली. दीड महिना जी भीती पोटात धरून ठेवली होती ती कुठे गेली तिला कळलं नाही. तीस वर्षं पान हाताळूनही पानाला हे जमतं, हे तिला माहीत नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

धूरबुवांनी एक सिगार उचलून टेबलावर ठेवला. ठेवला तिथेच राहिला. त्यांनी टेबल थोडं हलवून पाहिलं, तरीही तो राहिला. गोल सिगार असता तर आतापर्यंत जमिनीवर असता. मग त्यांनी टोक कापलं, पेटवला, आणि खिडकीबाहेर बघत एक लांब झुरका घेतला. 

"ओढ मोकळी आहे," ते म्हणाले.

"इतका दाबून?" मालकीणबाईंनी विचारलं.

"भरीव वळला असता तर आतल्या आत गुदमरला असता. आत जागा होती म्हणून दबला आणि श्वासही राहिला." ते थोडे थांबले. "हिचा हात ढिला ना."

हे कौतुक होतं की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता येत नव्हतं. पण त्यांनी दुसरा झुरका घेतला, आणि चाखायच्या सिगारचा दुसरा झुरका ते सहसा घेत नसत.

मालकीणबाईंनी चष्मा लावून पत्र वाचून दाखवलं. दुकानदाराने लिहिलं होतं की पेटी उघडल्यावर आधी तो घाबरला. मग गिऱ्हाइकांपुढे ठेवली तर दुकानात दोन तट पडले. एकाने तोंडात धरला आणि म्हणाला, सुताराची पेन्सिल चोखल्यासारखं वाटतं, मला आपला गोलच द्या. दुसरा म्हणाला, ओठांवर आपोआप टेकून राहतो, दातांना काम नाही. एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन एकच घेऊन जातात, आणि तो हळू जळतो, असं शपथेवर सांगतात. चवीत फरक आहे की नुसता डोळ्यांचा खेळ, यावर दोन जुन्या मित्रांचं बोलणं बंद झालं आहे. दुकानदाराला स्वतःला काहीच ठरवता आलेलं नव्हतं, म्हणून त्याने एक पेटी बघायला परत पाठवली होती आणि अशाच साठ मागितल्या होत्या.

मालकीणबाईंनी पत्राची घडी घातली.

"ही अक्कल कोणाची?"

"बाई, ते लाकूड नवं होतं—" धाकटीने सुरुवात केली.

"पेटी तीन सूत कमी होती," दादा म्हणाला.

धाकटीने वळून त्याच्याकडे पाहिलं. तो आकडा तिने कोणाला सांगितला नव्हता. लोखंडी पट्टी तिने मोजल्या मोजल्या खणात परत टाकली होती.

"अक्कल नाही, चूक आहे," दादा पुढे म्हणाला. त्याचा आवाज रोजचाच होता. "पट्टीवरच्या रेघा मला दिसत नाहीत. वर्ष होत आलं. हिने सांभाळून घेतलं, तिला काही बोलू नका."

 दादाने विचारलं, "एक हातात घेऊ का?" आणि उत्तराची वाट न पाहता पेटीपर्यंत हात नेला. त्याने सिगार डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठा एका बाजूवरून कडेवर, कडेवरून दुसऱ्या बाजूवर असा सावकाश फिरवला, चारही बाजू झाल्या तरी फिरवतच राहिला. 

"याला कोणी चौकोनी केलं नाही," तो हळूच म्हणाला. "शेजारच्याला टेकून टेकून झालाय."

धूरबुवांनी खिडकीबाहेर राख झटकली. मालकीणबाई कपाटाकडे बघत होत्या. धाकटीने नकळत टेबलाची कड घट्ट धरली. मालकीणबाई उठल्या, कपाटापर्यंत गेल्या आणि घड्याळाचं खोकं दोन्ही हातांनी बाजूला सरकवून त्याच्या मागची ऑर्डरची वही काढली.

"साठ पेट्या," त्या म्हणाल्या. "तीन सूत कमी. चार नाही, दोन नाही. एवढी नेमकी चूक साठ वेळा दुसरं कोण करून देणार मला?"

 दादाने सिगार पेटीत, त्याच्या जागेवर, तीच बाजू वर करून ठेवला.

 व्हरांड्यात परत आल्यावर दादाने फडकं सोडलं आणि पटाशा एकेक करून भिंतीवर लावल्या.

"तुला कधी कळलं?" धाकटीने विचारलं.

"तू पेट्यांवर बसलीस तेव्हा."

"तुला दिसलं?"

"दिसतंय कुठे? लाकूड करकरलेलं ऐकलं. सहा वेळा. माझी पेटी कधी करकरली नाही आजवर. तुम्ही सगळे जेवायला गेल्यावर त्याच मापाने कापून उरलेल्या फळीवर बोट फिरवलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढी जीव तोडून बसली होतीस, धाकटे. म्हटलं, बसू दे."

तिने तोंड फिरवलं आणि हसली, आणि मग डोळे पुसले. बाकावरून त्याची जुनी लाकडी मापपट्टी तिने उचलली. तिच्यावरच्या शाईच्या रेघा कधीच पुसट झाल्या होत्या. तिने लोखंडी पट्टी शेजारी धरली, साडेसात इंचांतून तीन सूत मागे येऊन खूण केली आणि पान कापायच्या सुरीने तिथे एक खोल खाच पाडली, बोटाला लागेल अशी. मग पट्टी त्याच्या हातात दिली.

दादाने पट्टीच्या टोकापासून अंगठा सरकवत आणला. खाचेशी थांबला. परत टोकाला गेला, परत आला.

"अर्धा सूत जास्त आहे."

"काहीतरीच. मी लोखंडी पट्टीने मोजलंय."

"रेघेच्या बाहेरून कापलंस. आतून कापायला हवं होतं."

तिने दोन्ही पट्ट्या उचलल्या, व्हरांड्याच्या कठड्याशी स्वच्छ उन्हात नेल्या, एकाला एक लावून धरल्या आणि वाकून पाहिलं. मग उलट्या धरून पुन्हा पाहिलं. तिचे डोळे चांगले होते, आणि खाच खरंच अर्धा सूत बाहेर होती.

ती परत आली, लोखंडी पट्टी तिने बाकाच्या पार टोकाला ठेवून दिली आणि लाकडी पट्टी दादापुढे धरली.

"तूच सांग कुठे."

दादाने अंगठ्याचं नख लाकडावर टेकवलं, आणि तिने सुरीचं टोक बरोबर त्याच्या नखाला लावलं.