कोटाचे शेवटचे बटण

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणाचा रंग उडाला आहे आणि एका कोपऱ्याला पोचा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा पोटात बिस्किटे होती. ती दोन दिवसांत फस्त झाली आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मला कायमचे ठेवून घेतले. पुठ्ठे लावून तिने माझे खण पाडले : भाडे, वीज, किराणा, औषधे.

तिचा एक नियम होता. एका खणातले पैसे दुसऱ्या कामाला घेतले, की तिथे एक बटण टाकायचे. पैसे परत ठेवले, की बटण उचलायचे. "डब्याशी लबाडी नको," ती हसून म्हणायची. तिचा गवंडी नवरा पाहुण्यांपुढे माझे कौतुक करायचा, आणि मला मूठभर मांस चढायचे. पत्र्याला मांस कुठले म्हणा!

मग त्याचा पाय मोडला. सरकारी कचेरीतून दरमहा मदत येऊ लागली. पाय बरा होऊन तो कामावर गेला, तरी मदत येतच राहिली. बाईला शंका आली.

"अगं, कचेरीला सगळं ठाऊक असतं," तो म्हणाला. "देतायत म्हणजे आपल्या हक्काचंच असणार."

मग हात सैल झाले. लेकीला सायकल आली, खिडक्यांना भारी पडदे आले. ही अंथरूण पाहून पाय पसरणारी माणसे, पण अंथरूणच परक्याचे निघाले. कचेरीचे पत्र आले : जास्त दिलेले पैसे परत करा.

नवरा मानी होता. "कुणाचं देणं डोक्यावर नको," म्हणत त्याने भाड्याचा खण उपसला.

"अहो, आणि घरमालक?"

"पुढचं पुढे बघू."

तरीही देणे फिटले नाही. माझ्यात पैसे कमी आणि बटणेच जास्त झाली. घरातली बटणे संपली, तेव्हा बाईने नवऱ्याच्या कोटाची कापून घेतली. तो कडाक्याच्या थंडीत उघड्या कोटाने कामाला जायचा. कुणी विचारलेच तर म्हणायचा, "उकडतंय." मला त्याची फार दया येई. शेवटी घरमालकाने घर सोडायला सांगितले.

त्या सकाळी बाई मला पिशवीत घालून कचेरीत गेली आणि कारकून बाईंच्या टेबलावर तिने माझे झाकण उघडले.

"ही बटणं कसली, ताई?"

बाईने सगळे सांगितले. कारकून बाईंनी माझा एकेक खण पाहिला.

"आधी भाडं, वीज, जेवण. उरेल त्यातून थोडं थोडं आमचं. हप्ता बांधून देते. कागद घरमालकाला दाखवा. पण आधीच का नाही आलात?"

"लाज वाटली हो."

घरमालक कुरकुरला, पण थांबला. बाईने माझ्यात कचेरीचा पाचवा खण पाडला. पडद्यांचे झगे शिवून विकले. एकेक बटण बाहेर निघू लागले. हप्ते फिटायला वर्षे लागली, तोवर लेकीला सायकल लहान पडू लागली.

परवा शेवटचा हप्ता गेला. बाईने शेवटचे बटण उचलले आणि नवऱ्याच्या अंगावरच कोटाला शिवून टाकले.

"आता उकडत नाही ना?" तिने विचारले. त्याने कोटाची सगळी बटणे लावून घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्या डब्याला पोचा आला तरी चालेल. पण खण रिकामा झाला, तर झाकण दाबून बसू नका. आणि थंडी वाजत असताना 'उकडतंय' म्हणू नका.