एरंडोलच्या पोटातला फोटो

उसना कोट. एकेचाळीस गावं. साडेबाराची धुळे गाडी. शून्य.

थांबा, नीट सांगतो. मित्रांनो, मी एक जुना फोल्डर आहे. अमळनेरच्या एका फोटो स्टुडिओतल्या संगणकात राहतो. मला तयार केलं नवलभाऊंनी. भाऊंना गिऱ्हाईक नावानं नाही, गावानं लक्षात राहतं. म्हणून माझ्यात गावांचे फोल्डर, त्यांच्यात सालांचे, आणि पार तळाशी माणसं. लग्नसराईत भाऊ मला दिवसातून शंभरदा उघडत. मग घरोघरी मोबाइल आले. दोन वर्षं माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

आज संगणक विकला होता. घेणारा तो साडेबाराच्या गाडीनं धुळ्याला नेणार. त्याआधी मला पुसायचं. अकराला एरंडोलहून द्रौपदाबाई आल्या. गेलेल्या नवऱ्याचा, भिकाभाऊंचा, एकुलता एक फोटो भिंतीच्या ओलीनं खाल्ला होता; त्याची नवी प्रत हवी होती.

भाऊंची मुलगी वृषाली कॉलेजात जावा ही संगणकाची भाषा शिकते. तिनं त्या भाषेत चार ओळी लिहिल्या. 'लिस्ट' म्हणताच माझ्यातली नावं पाटाच्या पाण्यासारखी एकामागून एक सुटली. ती याला स्ट्रीम म्हणते. वाटेत तिनं 'भिका' या नावाची चाळणी लावली.

शून्य.

"अक्का, नाही हो फोटो."

"शे ना वं बाई. बठ्ठं दखं का तू?"

"सगळं बघितलं. हे बघा ना. अमळनेर, एरंडोल, रावेर... एकेचाळीस नावं."

"ह्या ते गावं शेतस. मानसं कोठे गयात?"

वृषालीनं आपल्या ओळी पुन्हा वाचल्या. मी आत तडफडत होतो. 'लिस्ट' उंबऱ्यापर्यंतच येते, आतल्या खोल्यांत शिरत नाही. पण सांगू कसं? बारा वाजून गेले होते. घेणारा दारात घड्याळ बघत उभा.

तिनं 'लिस्ट' खोडून 'वॉक' लिहिलं. आता वाट गावातून सालात, सालातून माणसांत उतरली. चाळणीत एकच नाव उरलं: भिका-जोडी. वृषालीनं तो फोटो उघडला.

द्रौपदाबाई पडद्याजवळ वाकल्या. "माले वाटे, त्यास्ना एकलाना शे. मी बी शे का यामा?"

नवलभाऊ दाराकडे वळले. "गाडी जाऊ द्या. संगणक उद्या न्या. आधी हे बठ्ठं उतरवून घेतो."

मित्रांनो, पुसण्याआधी तळापर्यंत जा. आणि काम झालं की स्ट्रीम बंद करा, वृषालीनं शेवटी केली तशी. उघडी राहिली तर आम्ही उगाच ताटकळतो.

फोटो काढला त्या दिवशी भिकाभाऊंच्या अंगातला कोट नवलभाऊंचा होता.