वाटून घेतलेल्या गोळ्या

माझं डोकं लवकर तापतं, हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच क्षयाच्या गोळ्या चुकवणारे पेशंट माझ्या गळ्यात मारतात. माझ्याकडची एक इस्त्रीवाली मात्र कधी गोळी चुकवायची नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटं ती माझ्यापुढे ठेवायची, तीही नीट घडी करून. तरी तिचं वजन वाढेना आणि खोकला हटेना.

शेवटी मी तिच्या घरी गेले. एकच खोली. मधोमध इस्त्रीचं टेबल, भिंतीकडेला सासूबाईंची खाट आणि एकुलती एक खिडकी घट्ट बंद.

"आधी ती उघडा," मी म्हणाले.

"रस्त्याची धूळ येते हो सिस्टर," नवरा म्हणाला. "पांढऱ्या शर्टावर डाग पडला की गिऱ्हाईक तुटलंच." एवढं बोलला आणि खोकायला लागला, तो थांबेचना.

मी त्याच्याकडे वळले. "हे कधीपासून?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती शर्टाच्या कॉलरवरून पुन्हा इस्त्री फिरवत राहिली. कॉलर आधीच ताठ होती.

"झाले बरेच दिवस," ती म्हणाली. "पण आटोक्यात आहे. माझ्यातल्या निम्म्या गोळ्या ह्यांना देते ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अशानं दोघांपैकी कुणीच बरं होत नाही, उलट रोग निर्ढावतो! ह्यांना तपासायला का नाही आणलंस?"

"मी आजारी म्हटल्यावर निम्म्या घरांनी कपडे बंद केले. हेही आजारी म्हटल्यावर कोण देईल?" आवाज जराही न चढवता ती म्हणाली. "आणि आमच्या घरात एकट्यानं कुणी काही खात नाही, सिस्टर. मीच एकटी कशी गिळू?"

गोळ्यांचं मी सांगू शकत होते. गिऱ्हाइकांचं काय सांगणार, कपाळ!

तपासणीत मला भीती होती तेच निघालं. दोघांचाही रोग जुन्या गोळ्यांना दाद देईनासा झाला होता. नव्या गोळ्या जास्त होत्या, आणि घेतल्या की पोट ढवळून काढणाऱ्या. दोघांच्या दोन वेगळ्या पिशव्या घेऊन मी परत गेले.

"ह्या तुझ्या, ह्या त्यांच्या. ह्यातली अर्धी गोळीसुद्धा कुणाला द्यायची नाही. शपथ घे."

"शपथ," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. तिने गोळ्या तळहातावर घेतल्या, दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला उचलला.

तेवढ्यात खाटेवर सासूबाई खोकल्या. कोरडा, खोल खोकला. आम्ही वळून बघताच त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं.

इस्त्रीवालीने पेला खाली ठेवला. गोळ्यांवर तिची मूठ मिटली.

"घे गं आधी," मी म्हणाले. ओरडायचं होतं मला, पण रडूच आलं.